भोंगा आणि निळी पट्टी

आमच्या भाऊजींना अख्खा बसस्टँड भोंगा म्हणतो. ते नाव त्यांच्या कानावर गेलेलं आहे, पण ते आपलंच आहे हे काही त्यांना पटलेलं नाही. 'भोंगा आला का?' असं एखाद्या ड्रायव्हरने विचारलं की हे छताकडे बोट करून सांगतात, 'आहे की. कालच दुरुस्त करून लावलाय.'

मी त्यांची मेहुणी. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांची बायको. माणसाला भाऊजी असावेत, सणासमारंभाला भेटावेत, दोन चेष्टेचे शब्द व्हावेत आणि ज्याने त्याने आपापल्या घरी जावं. माझ्या नशिबी ते रोज. आमची दोघांची नोकरी एकाच केबिनमध्ये. मी पुढे चौकशीच्या खिडकीत, ते माझ्या पाठीमागे माइकसमोर. मधे कॉम्प्युटर एक, तोही दोघांत मिळून. माझ्या पाठीला डोळे नाहीत म्हणून काय झालं, कान आहेत ना! दिवसभर त्यांचं घसा खाकरणं ऐकून मला आता झोपेतही कळतं की पुढे 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' येणार आहे.

आणि घरी तरी गप्प बसावं? छे! ताईचं घर डेपोच्या भिंतीपलीकडे, कर्मचाऱ्यांच्या चाळवजा इमारतीत. तिथे गेलं की हे दारातूनच जाहीर करतात, 'पाहुण्यांचं आगमन झालेलं असून संबंधितांनी चहा ठेवावा.' संबंधित म्हणजे माझी बहीण. ती आतून ओरडते, 'संबंधितांना दोनच हात आहेत!' लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा नाही.

पण खरं बोलायचं तर माणसाचा आवाज म्हणजे आवाज आहे. उगीच नाव कशाला ठेवू? भरल्या स्टँडवर, दहा इंजिनं धडधडत असताना, यांनी 'खाणीकडे जाणारी गाडी' म्हटलं की शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारा माणूस पिशवी उचलून उभा राहतो. त्यात गेल्या काही वर्षांत यांच्या बोलण्याला भलताच भारदस्तपणा आला. दोन शब्द बोलायचे, थांबायचे, मग पुढचे दोन. लोक म्हणायला लागले, 'किती विचार करून बोलतात हो काका!' मला नवल वाटायचं. गाडी पाच नंबरच्या फलाटावरून सुटते, यात विचार करण्यासारखं काय आहे?

तर गोष्ट त्या थांबण्याचीच आहे.

त्याच सुमाराला यांनी हेडफोन घ्यायला सुरुवात केली. सकाळी आल्या आल्या कानाला लावायचे ते संध्याकाळी काढायचे. मी म्हटलं, गाणी ऐकत असतील. ऐकू देत. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं, गाणी ऐकणारा माणूस एवढा टकटक कीबोर्ड वाजवत नाही. आणि मधेच यांच्या हेडफोनमधून बारीक आवाज यायचा. बाईचा! कोण बोलतंय ते कळायचं नाही, पण बाई बोलतेय एवढं नक्की. आणि हे मान डोलवून ऐकताहेत!

माझं डोकंच फिरलं. भिंतीपलीकडे माझी बहीण यांचे मोजे धुतेय आणि इथे हे चक्क ऑफिसात, माझ्या पाठीमागे, कुण्या बयेशी गुलुगुलु! चहाला गेले तशी मी उठले आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. शांतता. भाऊजी परत आले तरी मी काढला नाही. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावूनच टाकू.

'काढ तो,' ते म्हणाले.

'नाही काढत. आधी तुमच्या त्या मैत्रिणीला बोलवा, मग काढते.'

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत राहिले, तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मग त्यांनी माउसने स्क्रीनवरच्या एका ओळीवर टकटक केलं, ओळीवर निळी पट्टी आली, कीबोर्डवर दोन-तीन बटणं एकदम दाबली, आणि माझ्या कानात ती बया बोलली. सपाट, कोरडी, भाव नाही काही नाही. 'बंदराकडे जाणारी गाडी. तीस मिनिटं उशिरा. फलाट दोन.'

'हीच का?' मी म्हटलं.

'हीच,' भाऊजी म्हणाले आणि खुर्चीत बसले. 'मला वाचता येत नाही आता. बघायला जावं तिथंच मधोमध डाग येतो. कडेकडेचं दिसतं. तू दिसतेस, पण तुझं नाक कुठे आहे ते सांगता येणार नाही.'

'ते माझ्या नवऱ्यालाही येत नाही,' मी म्हटलं. आणि मग मला रडूच फुटलं. काय करू, माझं असंच होतं; तोंड एकीकडे जातं नि डोळे दुसरीकडे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे गेलं ते येणार नाही, आहे तेवढं जपा. हे ऐकून माणूस घरी जातो, बायकोला सांगतो. यांनी काय केलं? सुट्टीच्या दिवशी दुपारभर पडदे ओढून, कॉम्प्युटरवरची अक्षरं माझ्या मुठीएवढी करून, यांनी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहायला शिकून घेतलं. आयुष्यात ज्यांनी मोबाइलचा अलार्म स्वतः लावला नाही त्यांनी! ताईला सांगितलं, खात्याचं प्रशिक्षण आहे. ती बिचारी शेजारच्या पोरांना दटावत बसायची, 'आवाज करू नका, काकांचा अभ्यास चाललाय.'

आता ही स्क्रिप्ट म्हणजे काय, ते मला त्यांनी समजावून सांगितलं तसं सांगते. आमच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम तीन. वेळापत्रकाचा एक, डेपोतल्या निरोपांचा दुसरा आणि हेड ऑफिसच्या सूचनांचा तिसरा. तीन कंत्राटदारांनी तीन साहेबांच्या काळात केलेले. तिघांचे रंग वेगळे, अक्षरं वेगळी आणि एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही. वाचून दाखवायची सोय एकातही नाही. मग भाऊजींनी विचार केला, प्रोग्रॅम कुठलाही असो, ओळ निवडली की निळी पट्टी येतेच. अक्षर नाही दिसत, पण पट्टी कडेने दिसते. आणि निवडलेलं कॉपी तर सगळीकडेच होतं. तेव्हा स्क्रिप्टने एवढंच करायचं: समोर ज्या प्रोग्रॅमची खिडकी उघडी असेल तिला वाटलं पाहिजे की माणसानेच कॉपीचं बटण दाबलंय. खिडकी बापडी निवडलेला मजकूर क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं ठेवायच्या फळीवर, टाकते. स्क्रिप्ट क्षणभर थांबते, तो उचलते आणि त्या बयेकडून कानात वाचून घेते. भाऊजी ऐकतात आणि अर्ध्या वाक्याच्या अंतराने तेच माइकवर बोलतात.

म्हणजे तो भारदस्तपणा, ते विचार करून बोलणं, ते दोन शब्दांमागचं थांबणं! बया पुढे बोलेपर्यंत हे वाट बघत असायचे, दुसरं काय?

'ताईला का नाही सांगत?' मी विचारलं.

'बाबांची खुर्ची आठव,' ते म्हणाले.

आमचे बाबा शिंपी. साखरेने त्यांचे डोळे गेले. बोटं शाबूत होती, कापडाला हात लावला की पोत सांगायचे, कात्री चालवायचे. पण आम्ही चालवू दिली तर ना! खिडकीशी एक खुर्ची ठेवली आणि ते जरा उठले की घरात जो असेल तो धावायचा, 'बाबा, तुम्ही बसा.' पाणी हवंय? तुम्ही बसा. दाराशी कोण आलंय? तुम्ही बसा. प्रेमाने हो, अगदी प्रेमाने. बसून बसून ते इतके बसले की शेवटी त्यांना उठवून कुठे न्यायचं म्हटलं तर तेच म्हणायचे, 'मी बसतो.'

'त्यांना सगळ्यांत जास्त मीच बसवलं,' भाऊजी म्हणाले. 'जावई ना मी, पुढे पुढे करायचो. तुझी ताई मला नाही बसवणार? फार जीव आहे तिचा. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुसून ठेवील.'

मग त्यांनी मला ताईची शपथ घातली. ताईची शपथ, ताईला सांगायचं नाही म्हणून! मी पण कशी वेडी, घेतली.

स्क्रिप्टचं सगळं सुरळीत चाललं असतं, पण कॉम्प्युटर पडला दोघांचा. डेपोच्या निरोपांचा तो प्रोग्रॅम म्हणजे अगदी सुस्त. कॉपी म्हटलं की आधी जांभई देणार. एका दुपारी मी मागे वळून त्याच कॉम्प्युटरवर ताईला निरोप टाइप केला, आणि तिच्या घरच्या नंबरवर पण टाकावा म्हणून कॉपी करून ठेवला. तेवढ्यात बाहेर गर्दी झाली, मी वळले. मागून भाऊजींनी पट्टी ओढली, बटणं दाबली. प्रोग्रॅमने वेळेत काही टाकलंच नाही. क्लिपबोर्डवर होतं ते माझं. स्क्रिप्टने तेच उचललं, बयेने तेच वाचलं, आणि आमच्या भोंग्याने सगळ्या स्टँडला ठणकावून सांगितलं:

'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तुझ्या नवऱ्याचे मोजे... केबिनमध्ये वाळत घातलेले आहेत... वास सहन होत नाही... येऊन घेऊन जा.'

त्या थांबण्यासकट! त्या भारदस्तपणासकट!

स्टँडवर कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते सरकारी वाटलं. चार बायका आपापल्या नवऱ्यांच्या पायांकडे बघायला लागल्या. एक आजोबा तर माझ्या खिडकीशी येऊन, 'बाई, मोजे कुठल्या फलाटावर आहेत?' असं विचारून गेले. साहेबांनी बोलावलं तर भाऊजींनी तोंड वर करून सांगितलं, 'स्वच्छता मोहीम होती, सर.' साहेबांनी दोघांचं कौतुक केलं. साहेब वयाने लहान, मनाने चांगले, आणि मोहीम म्हटलं की त्यांना आनंद होतो.

ताईने संध्याकाळी मोजे नेले. नेताना यांच्याकडे नीट निरखून बघितलं आणि विचारलं, 'काय झालंय हो तुम्हाला?'

'काही नाही,' भाऊजी म्हणाले.

हे 'काही नाही' त्या घरात फार झालं होतं. चहा कपाच्या बाहेर सांडला, काय झालं? काही नाही. कोपऱ्यातल्या स्टुलाला धडकले, काय झालं? काही नाही. ताई पण मग विचारायची बंद झाली. मला वाटलं, हिला सवय झाली असेल. बाईमाणूस किती विचारणार?

मोज्यांच्या धक्क्यानंतर भाऊजींनी स्क्रिप्ट सुधारली. आता बटणं दाबली की ती आधी क्लिपबोर्डवरचं माझं सामान बाजूला ठेवायची, क्लिपबोर्ड कोरा करायची, मग कॉपी करायची आणि जरा जास्त थांबायची. मजकूर आला तर वाचायची. नाहीच आला तर ती बया कानात सांगायची, 'काही नाही.' मग माझं सामान जागच्या जागी ठेवून द्यायची. बयेच्या तोंडी हे शब्द कुणी घातले? यांनीच. माणूस दुसरं काय घालणार, जे स्वतःच्या तोंडात बसलंय तेच घालणार ना!

असं झकास चाललेलं असताना वरून हुकूम आला की उद्घोषणा आता यंत्र करणार. एका कंपनीचा नवीन प्रोग्रॅम. तोच गाड्या दाखवणार, तोच बोलणार. पण हेड ऑफिसात दोन तट पडले. एक म्हणे यंत्र हवं, दुसरा म्हणे माणसाच्या आवाजाला माया असते. तेव्हा ठरलं की तपासणीवाले येतील, एक घोषणा यंत्र करील, एक आमचे भाऊजी, आणि ऐकून निर्णय होईल. यंत्र चांगलं ठरलं तर भाऊजींनी मुदतीआधीच घरी जायचं. घरी म्हणजे कुठे, ते मी सांगायला नको. खिडकीशी, खुर्चीत.

मला तर हसू यायचं आणि धास्तीही वाटायची. एका बाजूला यंत्राची बया, दुसऱ्या बाजूला भाऊजींच्या कानातली बया; मधे हा एक माणूस तिची नक्कल करणार आणि तपासणीवाले त्यातली माया मोजणार!

'घाबरू नकोस,' भाऊजी म्हणाले. 'खिडकी कुठलीही असू दे, निळी पट्टी येणारच.'

तपासणीवाले आले. दोघं होते, एक उंच आणि एक बोलका. बरोबर कंपनीचा माणूस, गळ्यात पट्टा. त्याने आमच्या कॉम्प्युटरवर नवीन प्रोग्रॅम चढवला आणि लगेच म्हणाला, 'चला.' भाऊजी म्हणाले, जरा हात बसू द्या. तो म्हणाला, 'काका, यात हात बसवण्यासारखं काही नाहीच, इतकं सोपं आहे.' बोलका तपासणीवाला माझ्या आणि भाऊजींच्या मधे, नेमकी त्यांच्या कानाशी लागायची माझी वाट अडवून उभा राहिला. भोंग्याचा माइक चालूच होता. साहेब दाराशी हात बांधून उभे.

आधी यंत्र बोललं. विमानतळाकडे जाणारी गाडी, वगैरे. बरं बोललं. स्टँडवर कुणी मान वर केली नाही.

मग भाऊजी. घसा खाकरला. स्टँडवरच्या माना वर झाल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,' ते म्हणाले, कारण एवढं त्यांना पाठच होतं. माउसने ओळीवर टकटक केलं. मी वळून बघत होते. पट्टी आलीच नाही. कंपनीवाल्याने मजकूर कुलूपबंद केलेला! निवडता येत नाही, कॉपी होत नाही. नंतर कळलं, सुरक्षेसाठी. बसचं वेळापत्रक कुणी चोरून नेऊ नये म्हणून!

भाऊजींना वाटलं, आपल्याला पट्टी दिसली नसेल. त्यांनी बटणं दाबली. बया कानात बोलली. आणि वर्षानुवर्षं जे कानात येईल ते तोंडातून काढायची सवय; भोंगा गरजला:

'काही नाही.'

स्टँड थांबला. खरंच, एक हमाल पेटी खांद्यावर घेऊन होता तो तसाच उभा राहिला. भाऊजींनी पुन्हा टकटक केलं, पुन्हा बटणं. मी उठायला गेले तर बोलका म्हणाला, 'बाई, तुम्ही तुमची खिडकी सांभाळा.'

'काही नाही,' भोंगा म्हणाला.

साहेब पुढे आले. 'काका, काय झालं?'

आणि आता बया काही बोललीच नव्हती, तरी भाऊजी स्वतःच्या तोंडाने म्हणाले, 'काही नाही.' तेही भोंग्यातून गेलं. खाणीपासून बंदरापर्यंतच्या सगळ्या प्रवाशांना तीनदा कळलं की काही नाही.

मग मात्र ते थांबले. हे थांबणं नेहमीचं नव्हतं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, माइक आंधळेपणाने चाचपून बाजूला केला आणि साहेबांच्या कानाच्या जरा बाजूला बघत म्हणाले, 'मला दिसत नाही हो, साहेब. बऱ्याच दिवसांपासून नाही दिसत.'

साहेबांचा चेहरा पडला. चांगला माणूस, सांगितलं ना. त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी कळवळून म्हणाले, 'अरेरे! काका, तुम्ही बसा. तुम्ही बसा बघू.'

भाऊजी बसलेलेच होते. पण ते ऐकलं आणि बसल्या बसल्या आणखी थोडे बसले, खांदे पडले, मान आत गेली. बाबा तसेच बसायचे. खिडकीबाहेर लोक काचेवर टकटक करत होते, 'बाई, बंदराची गाडी कुठे लागणार? अहो बाई!' आणि मी त्यांच्यावर खेकसले, 'दिसत नाही का तुम्हाला?' बोलल्यावर जीभ चावली.

आता निकाल काय लागला ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. यंत्र आलं. पाट्यांवर गाड्या तेच दाखवतं. पण बोलायला भाऊजी राहिले. तपासणीवाल्यांनी लिहिलं की 'उद्घोषकाच्या बोलण्यातला संथपणा आणि योग्य जागी घेतलेले विराम यंत्राला जमत नाहीत.' वाचून मी एवढी हसले की साहेबांनी पाणी मागवलं. कंपनीवाल्याने ते कुलूपही काढलं. म्हणाला, काढायला काही लागत नाही, कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्याही खिडकीत निळी पट्टी येते. पण हे सगळं झालं ते त्यानंतर जे घडलं त्यामुळे, आणि ते तपासणीवाल्यांनी लिहिलेलं नाही.

डेपोच्या भिंतीला मागच्या बाजूने एक फट आहे, झाडूवाले तिथून ये-जा करतात. ताई तिथूनच आली असणार. दार ढकलून आत आली तेव्हा तिच्या हाताला भांड्यांचा फेस होता आणि पायात एक स्वतःची आणि एक भाऊजींची चप्पल. घरात तिला तिन्ही 'काही नाही' ऐकू गेले होते.

मला वाटलं, आता ही रडणार. नाहीतर यांच्यावर ओरडणार. नाहीतर, देवा, हीसुद्धा तेच म्हणणार.

तिने साहेबांकडे बघितलं नाही, तपासणीवाल्यांकडे बघितलं नाही. स्क्रीनकडे बघितलं. मग भाऊजींना म्हणाली, 'अहो, सरका.'

'अगं, यांना बसू दे जरा,' साहेब नाही, मीच म्हणाले. सवय हो, सवय!

'बसायचं काय त्यात?' ताई म्हणाली. 'गाडी सुटायची वेळ झाली. सरका तुम्ही.'

भाऊजी सरकले. ताई त्याच खुर्चीत अर्धी टेकली. आणि मी बघतच राहिले. ती त्यांच्या डाव्या बाजूला, जरा मागे बसली. जिकडून त्यांना कडेचं दिसतं, नेमकी तिकडे. मग एकेक माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. त्यांच्या घरी पाण्याचा पेला हल्ली ताटाच्या डावीकडे असतो. कोपऱ्यातलं ते स्टूल कधीच माळ्यावर गेलंय. आणि चहा कपातून सांडायचा थांबलाय, कारण ती कप भरतेच अर्धा. शपथ घेऊन मी ज्याची राखण करत होते ते गुपित माझ्या बहिणीच्या घरात स्टूल उचलण्याइतकं जुनं झालेलं!

तिने ओला हात पदराला पुसला, स्क्रीनवरची ओळ बघितली आणि यांच्या कानाशी लागून हळूच वाचलं. भाऊजींनी माइक जवळ ओढला.

'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,' भोंगा म्हणाला, आणि आवाज पहिल्यासारखा, खड्या सुरात. 'बंदराकडे जाणारी गाडी...'

ताई कुजबुजली.

'...फलाट चारवरून सुटेल.'

ताई पुन्हा कुजबुजली. ओळ तर संपलेली होती. पण कानात आलं की तोंडातून जायचं, ही सवय अशी जाते होय? भाऊजींनी तेही तसंच, त्याच सुरात, योग्य जागी थांबून सगळ्या स्टँडला सांगितलं:

'मला का नाही... सांगितलंत.'

ताईने तोंडावर हात घेतला. साहेब खाली बघायला लागले. कंपनीवाला कशाला तरी म्हणून बाहेर गेला. मी माइक बंद करायला उठले, पण बोलका अजून वाटेतच उभा होता.

भाऊजींच्या कानात आता कुणीच काही सांगत नव्हतं. मग त्यांनी मान वळवली, ताई कडेला दिसेल एवढीच, आणि माइक तोंडासमोर तसाच असताना म्हणाले, 'भीती वाटली गं.'

ते बंदराच्या गाडीत चढणाऱ्या माणसांनी ऐकलं, खाणीची वाट बघणाऱ्यांनी ऐकलं, पेटीवाल्या हमालाने ऐकलं. भिंतीपलीकडच्या इमारतीतही गेलं असेल. फक्त तिथे ऐकायला कुणी नव्हतं, ती इथे होती.

माझ्या खिडकीवर टकटक झाली. मोजे विचारायला आलेले तेच आजोबा. मी नाक पुसून काच सरकवली.

'बाई,' ते हळू आवाजात म्हणाले, 'तेवढं विचारायचं होतं. गाडी चारवरूनच ना?'

'चारवरूनच,' मी म्हटलं. 'जा लवकर, सुटेल.'